यरीहोच्या वाटेवरचे चाळीस जण

शुभवर्तमानातील दृष्टान्तांवर भाष्ये झाली, चित्रे झाली, नाटकेही झाली. परंतु एखाद्या दृष्टान्ताची परीक्षा मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून घेतल्याची उदाहरणे विरळाच. त्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण लूकच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोन्याचे. जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅटसन या दोन अमेरिकन संशोधकांनी ही परीक्षा घेतली. त्यांचा निबंध १९७३ साली व्यक्तिमत्त्व व सामाजिक मानसशास्त्र या विषयाला वाहिलेल्या तेथील अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निबंधाचे शीर्षकच मुळी 'यरुशलेमहून यरीहोकडे' असे होते. बॅटसन स्वतः ईशज्ञान शिकलेले असल्याने त्यांना हा विषय परका नव्हता.

गेली कित्येक वर्षे हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत आहे आणि धर्मगुरूंच्या मेळाव्यांत व तपसाधनेच्या व्याख्यानांतही तो हमखास ऐकू येतो. सांगण्याची रीत ठरलेली असते. घाईत असलेल्या दहा सेमिनरी-विद्यार्थ्यांपैकी एकच जण वाटेतल्या आजारी माणसासाठी थांबला; दयाळू शोमरोन्यावर भाषण द्यावयास निघालेले विद्यार्थीही त्याला टाळून पुढे गेले; तात्पर्य, माणसाच्या अंतःकरणात कोणते वचन आहे याला काही महत्त्व नाही, त्याच्या घड्याळात किती वाजले याला आहे. ऐकणारे हसतात, वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आम्हांस मात्र त्या हसण्यात सामील होणे जड जाते. दर रविवारी वेदीजवळ उभे राहून पंधरा मिनिटे वचन समजावून सांगणे हे ज्यांचे पाचारण आहे, त्यांच्या दृष्टीने येथे फार मोठी गोष्ट पणास लागलेली आहे. वचन ऐकून माणूस बदलत नाही हे जर खरोखर सिद्ध झाले असेल, तर ते आम्ही मान्य केले पाहिजे. पण ते सिद्ध झाले आहे काय? हा प्रश्न घेऊन आम्ही मूळ निबंध वाचावयास बसलो, आणि यरीहोच्या वाटेवरून थेट संख्याशास्त्राच्या रानात जाऊन पोहोचलो.

प्रयोग असा होता. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात प्रिन्सटन येथे प्रेस्बिटेरियन पंथाची एक जुनी सेमिनरी आहे. तेथील ४० विद्यार्थ्यांचे निष्कर्ष निबंधात मांडले आहेत. प्रत्येकास एकेकटे बोलावून एक छोटे भाषण तयार करावयास सांगितले. काहींना विषय दिला दयाळू शोमरोन्याचा. इतरांना विषय दिला, सेमिनरीतून बाहेर पडणाऱ्यांस कोणकोणती कामे करता येतील हा. भाषण शेजारच्या इमारतीत ध्वनिमुद्रित व्हावयाचे होते. निघताना कोणास सांगण्यात आले की अजून अवकाश आहे, पण निघालात तरी चालेल. कोणास सांगण्यात आले की तिकडे तयारी झाली आहे, लगेच जा. आणि कोणास सांगण्यात आले की तुम्हांला उशीर झाला, तिकडचा सहायक तुमची वाट पाहतो आहे, त्वरा करा. वाटेत एका गल्लीत, दाराशी, एक माणूस मान खाली घालून, डोळे मिटून कोसळल्यासारखा बसला होता. विद्यार्थी जवळून जाऊ लागला की तो दोनदा खोकत असे आणि कण्हत असे. तो अर्थातच संशोधकांनी बसविलेला होता.

कोण किती मदत करतो हे मोजण्यासाठी शून्य ते पाच अशी श्रेणी ठरविली होती. ज्याचे लक्षच गेले नाही त्याला शून्य. ज्याने पाहिले पण काही केले नाही त्याला एक. जो थांबला नाही, परंतु पुढच्या इमारतीत जाऊन 'बाहेर कोणी आजारी माणूस आहे' असे ज्याने सांगितले, त्याला दोन. ज्याने थांबून विचारपूस केली त्याला तीन. ज्याने माणसाला आत नेऊन बसविले त्याला चार, आणि आत नेल्यावरही जो त्याच्यापाशी थांबून राहिला, जावयास तयारच होईना, त्याला पाच. अंतःकरणाचे इतके बारीक पदर मोजपट्टीवर बसविण्याची ही खटपट आम्हांस प्रामाणिक वाटली. दृष्टान्तातील लेव्याला एक गुण आणि शोमरोन्याला पाच, हे तर लूकनेही नाकारले नसते!

चाळिसांपैकी १६ जणांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारे मदत केली. सवड असलेल्यांत शेकडा ६३ जणांनी, मध्यम घाई असलेल्यांत शेकडा ४५ जणांनी आणि मोठ्या घाईतल्यांत शेकडा १० जणांनी. हीच ती प्रसिद्ध उतरंड. आता या टक्क्यांच्या मागे माणसे किती होती ते पाहावे. सवड असलेले विद्यार्थी होते अवघे ८. त्यांपैकी ५ जणांनी मदत केली. मध्यम घाईतले २२ होते, त्यांतील १०. मोठ्या घाईतले १०, त्यांतील १. आठ जणांच्या गटात एक माणूस म्हणजे साडेबारा टक्के. त्या दिवशी आणखी एकाच विद्यार्थ्याने खोकला ऐकून मान वळविली असती तर ६३चे ७५ झाले असते. एकाने वळविली नसती तर ५०. टक्का हा मोठा भारदस्त शब्द आहे. तो उच्चारला की शंभर माणसे रांगेत उभी असल्याचा भास होतो. येथे रांगेत आठ होते.

(दहातला एक म्हटले की आम्हांस दुसरीच एक कथा आठवते. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि उपकार मानण्यास एकच परतला, तोही शोमरोनी. तेवढ्यावरून मानवजातीत कृतज्ञतेचे प्रमाण शेकडा दहा असल्याचा सिद्धान्त आजवर कोणा भाष्यकाराने मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.)

तरीही घाईचा परिणाम या आकड्यांतून दिसतो, हे आम्ही नाकारीत नाही. आमचा खरा प्रश्न आहे तो दृष्टान्ताविषयी. ज्यांना शोमरोन्यावर बोलावयाचे होते असे विद्यार्थी १९ होते. त्यांतील १० जणांनी मदत केली, म्हणजे शेकडा ५३. ज्यांना नोकरीधंद्यावर बोलावयाचे होते असे २१; त्यांतील ६ जणांनी, म्हणजे शेकडा २९. वाचकहो, हे दोन आकडे पुन्हा एकदा वाचावेत. ५३ आणि २९. दृष्टान्त मनात घोळवीत निघालेल्यांत मदतीचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे! आणि तपसाधनेच्या व्याख्यानांत आम्ही ऐकत आलो ते हे, की दृष्टान्ताने काहीच फरक पडला नाही.

हे कसे घडले? उत्तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे 'सार्थकता'. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ आपल्या नेहमीच्या अर्थाहून अगदी निराळा आहे. तो समजण्यासाठी एका चहाच्या पेल्यापर्यंत जावे लागते. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर हे थोर संख्याशास्त्रज्ञ काम करीत. तेथील एका विदुषीचे म्हणणे असे, की पेल्यात दूध आधी ओतले की चहा आधी, हे आपण चव घेऊन सांगू शकतो. (आपल्याकडे सगळे एकाच पातेल्यात उकळले जात असल्याने हा वाद आपल्या घरी उद्भवण्याजोगा नाही.) फिशर यांनी १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात याची परीक्षा कशी घ्यावी ते मांडले. आठ पेले ठेवावेत, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, आणि क्रम मिसळून टाकावा. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत. तेव्हा नुसत्या अंदाजाने सगळे पेले बरोबर ओळखले जाण्याचा संभव ७० मध्ये १. इतके दुर्मीळ काही घडले, तर 'हा केवळ योगायोग' असे म्हणणे अवघड होते. फिशर यांनी १९२५ सालच्या ग्रंथातच सोयीची एक मर्यादा सुचविली होती: योगायोगाने वीस वेळांत एकदाच घडेल, इतपत विरळ निकाल असेल तर तो दखल घेण्याजोगा समजावा. तोच आजचा शेकडा पाचचा दंडक.

साधन उत्तम होते आणि आहे. पण सोयीसाठी घातलेल्या कुंपणाची पुढे शहराची वेस झाली. शंभरात चार निघाले तर शोध, शंभरात सहा निघाले तर काहीच नाही, असा व्यवहार मानसशास्त्रात रूढ झाला. त्याहून मोठा घोटाळा अर्थाचा झाला. हा आकडा इतकेच सांगतो की खरोखर काहीच परिणाम नसता, तर असा निकाल किती वेळा दिसला असता. 'परिणाम नसण्याचा संभव किती' हे तो मुळीच सांगत नाही. सणाच्या दिवशी चर्चच्या पटांगणात गर्दी असते हे खरे. म्हणून पटांगणात गर्दी दिसली की सणच आहे असे समजून कोणी नवे कपडे घालून येऊ नये, अंत्ययात्राही असू शकते. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्षांत तर्कशास्त्राच्या तासाला विधान उलटे फिरविण्याचा हा दोष आम्हांस पहिल्या महिन्यातच शिकविला होता. मोठमोठ्या प्रयोगशाळांत तो इतक्या सहजपणे होत राहावा याचे नवल वाटते.

शोमरोन्याच्या प्रयोगात याची दुसरी बाजू दिसते. ५३ आणि २९ यांतील फरक शेकडा पाचच्या कुंपणाबाहेर राहिला. आम्ही कागदावर साधा हिशेब करून पाहिला (मूळ निबंधातील रीत श्रेणीवर आधारलेली, याहून निराळी आहे). विषयाचा काहीच परिणाम नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने शंभरात बारा ते बावीस वेळा दिसला असता. पद्धत कोणती वापरावी त्याप्रमाणे आकडा बदलतो. म्हणजे दृष्टान्ताने फरक पडतो हे सिद्ध झाले नाही, इतके खरे. पण सिद्ध झाले नाही आणि खोटे ठरले, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. न्यायालय पुराव्याअभावी एखाद्यास सोडते तेव्हा तो निरपराध असल्याचे प्रमाणपत्र देत नसते. एवढा फरक बऱ्यापैकी खात्रीने पकडावयाचा तर दोन्ही बाजूंना साठाहून अधिक विद्यार्थी हवे होते. होते एकोणीस आणि एकवीस. विरळ विणीच्या जाळ्यात मासळी सापडली नाही म्हणून समुद्रात मासळीच नाही, असे आमच्या किनाऱ्यावरचा कोणताही कोळी म्हणणार नाही.

ही शंका आमच्या मनात प्रथम आली असे मुळीच नाही. अँथनी ग्रीनवाल्ड या मानसशास्त्रज्ञाने १९७५ सालीच, त्याच नियतकालिकात, शोमरोन्याच्या दृष्टान्ताने मदत वाढते काय असा प्रश्न शीर्षकातच विचारून या निष्कर्षाला हरकत घेतली होती. 'परिणाम नाही' असे म्हणण्याइतका आधार या आकड्यांत नाही, हे त्याने संख्याशास्त्रानेच दाखविले. परंतु दुरुस्तीला मूळ गोष्टीची चाल नसते. १९७३ चा निबंध जगभर फिरला. १९७५ ची हरकत ग्रंथालयात राहिली.

डार्ली यांचे मन या विषयाकडे वळले त्यामागेही एक आकडाच होता. १९६४ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीझ या २८ वर्षांच्या तरुणीची रात्री भोसकून हत्या झाली. दोन आठवड्यांनी एका प्रख्यात दैनिकाने वृत्त दिले की ३८ शेजारी अर्धा तास पाहत राहिले आणि कोणी पोलिसांना बोलाविले नाही. या वृत्ताने हळहळून डार्ली व बिब लाटाने यांनी बघ्यांच्या वर्तनावर प्रयोग सुरू केले, आणि ३८ हा आकडा प्रवचनांतही शिरला. पुढे २००७ साली तीन ब्रिटिश संशोधकांनी कागदपत्रे तपासून दाखविले की अशा ३८ साक्षीदारांना आधार सापडत नाही. २०१६ साली त्या दैनिकानेही आपले मूळ वृत्त सदोष असल्याचे मान्य केले. त्या रात्री एक शेजारीण जिना उतरून धावत गेली होती आणि मरणाऱ्या किटीला तिने कवेत धरले होते. पन्नास वर्षे सांगितल्या गेलेल्या गोष्टीत तिला जागा नव्हती. आकडा पाठ झाला की माणूस असा गळून पडतो. अलीकडे आम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या शहरांतील रस्त्यांवरच्या २१९ भांडणांची चित्रणे तपासली गेली. दहांपैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी बघ्या मध्ये पडल्याचे दिसले. हे प्रवचनात क्वचितच ऐकू येते. मानवजात निष्ठुर असल्याचा पुरावा आम्हां उपदेशकांना अधिक सोयीचा पडतो की काय, कोण जाणे!

आजवर सांगितले तो घोटाळा नजरेचा. यापुढचा हाताचा आहे. ज्या नियतकालिकात शोमरोन्याचा प्रयोग आला, त्याच नियतकालिकात २०११ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या डॅरिल बेम यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. एक हजाराहून अधिक सहभागी, नऊ प्रयोग, आणि दावा असा की पुढे घडणाऱ्या गोष्टीचा प्रभाव माणसाच्या आजच्या उत्तरांवर पडतो. नवांपैकी आठ प्रयोग शेकडा पाचच्या कुंपणात बसत होते. संदेष्ट्यांवर श्रद्धा असणाऱ्या आम्हांलाही हे पचण्यास जड गेले. मानसशास्त्रज्ञांपुढे तर पेचच पडला: एक तर भविष्यज्ञान खरे मानावे, नाही तर ज्या रीतीने आपण इतकी वर्षे शोध लावीत आलो ती रीतच तपासावी.

त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन या तिघांनी ती तपासली, आणि मोठ्या मिस्किलपणे. वीस विद्यार्थ्यांवर प्रयोग करून त्यांनी 'सिद्ध' केले की बीटल्सचे चौसष्टाव्या वर्षाविषयीचे गाणे ऐकले की ऐकणारा सुमारे दीड वर्षाने लहान होतो. म्हणजे तरुण वाटतो असे नव्हे, जन्मतारखेनेच लहान होतो! आकड्यांत कोठेही लबाडी नव्हती. फक्त काय मोजावे, कोणास वगळावे, किती जणांवर थांबावे, वडिलांचे वय हिशेबात धरावे की नाही, हे सारे निकाल पाहत पाहत ठरविले होते. अशी चार प्रकारची मोकळीक घेतली तर शेकडा ५ ऐवजी शेकडा ६१ वेळा खोटा शोध हाती लागू शकतो, असे त्यांनी दाखवून दिले. बाण आधी मारावा आणि तो रुतला तेथे भोवती वर्तुळ काढावे, असा हा नेम.

यानंतर ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने जगभरच्या संशोधकांनी १०० प्रसिद्ध प्रयोग पुन्हा केले आणि २०१५ साली त्याचा निकाल जाहीर केला. मूळ निबंधांपैकी शेकडा ९७ 'सार्थक' होते. पुनरावृत्तीत शेकडा ३६ तसे ठरले. सामाजिक मानसशास्त्रात तर सुमारे चतुर्थांशच टिकले. पुनरावृत्तीत टिकला नाही तो प्रत्येक प्रयोग खोटाच, असे मात्र म्हणता येत नाही. तेथेही जाळ्याच्या विणीचा प्रश्न उरतोच.

आता अनेक संशोधक प्रयोगापूर्वीच आपण काय मोजणार व कसे मोजणार हे जाहीर नोंदवून ठेवतात. आम्हांस ही रीत ओळखीची वाटली. विवाहापूर्वी चर्चमध्ये वधूवरांची नावे वाचून दाखविली जातात आणि कोणास हरकत असेल तर कळवावी असे सांगितले जाते. सोहळा उरकल्यावर हरकती मागविण्याची प्रथा कोणत्याही धर्मग्रामात नाही.

विज्ञानाची अशी फजिती पाहून काही भाविकांना आनंद होतो, तो आम्हांस रुचत नाही. चूक शोधली ती त्याच विद्येने, त्याच साधनांनी. शिवाय आकडे आमच्याही घरी आहेत. दर वर्षी धर्मग्रामातून बाप्तिस्मे, दृढीकरण, विवाह यांची संख्या वर पाठवावी लागते, आणि प्रथम कम्युनियनची मुले गतवर्षीपेक्षा सात कमी झाली की लगेच कोणी तरी 'श्रद्धा ओसरत चालली' असे अनुमान काढतो. सात कुटुंबे नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींत राहावयास गेली, हे पत्रकात कोठे लिहावयाचे?

असो. मूळ निबंधाच्या अखेरीस डार्ली व बॅटसन यांनी एक निरीक्षण नोंदविले आहे, ते व्याख्यानांत कधी ऐकल्याचे आम्हांस स्मरत नाही. न थांबलेले काही विद्यार्थी पुढच्या इमारतीत पोहोचले तेव्हा अस्वस्थ, बेचैन दिसत होते. तिकडे कोणी आपली वाट पाहतो आहे, त्याला आपण शब्द दिला आहे. इकडे हा माणूस दाराशी कण्हतो आहे. त्यांची घाई स्वतःसाठी नव्हतीच, ती दुसऱ्या कोणासाठी होती. त्यांच्या न थांबण्यामागे निष्ठुरता नसून ही ओढाताण असावी, असे संशोधकांनीच लिहिले आहे. शून्य ते पाच या श्रेणीत मात्र अशा अस्वस्थ विद्यार्थ्यालाही एकच गुण मिळतो. आणि ज्याने पाहिले व ज्याच्या मनाला काहीच वाटले नाही, त्यालाही एकच.

हे शुभवर्तमान उपासना-वर्षांच्या चक्रात दर तीन वर्षांनी एकदा रविवारी वाचले जाते. पुढच्या खेपेस आम्ही हा प्रयोग प्रवचनात जरूर सांगणार आहोत. चाळीस हा आकडा आधी सांगू, मग टक्के. आणि ५३ व २९ दोन्ही सांगू.